माथेरान: पॉइंट बाजूला ठेवून जुने बंगले पाहताना

माथेरानला बहुतेक लोक पॉइंट मोजायला जातात. आम्ही या वेळी बंगले पाहायचे ठरवले होते. नोव्हेंबरचा मधला वार, गर्दी बेताची. नेरळहून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका गाठला. पुढे मोटारीला बंदी, त्यामुळे मिनीट्रेनच्या रुळांच्या कडेने चालत बाजारात.

१८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर आले आणि त्यांनी इथे 'बाइक' नावाचं घर बांधलं. आज त्या नावाचं हॉटेल आहे. कॅप्टन बार यांच्या बार हाउसमध्येही पुढे हेरिटेज हॉटेल झालं. गोऱ्या साहेबांमागोमाग मुंबईचे पारशी आणि बोहरी धनिक आले. १९०७ मध्ये सुरू झालेली मिनीट्रेनसुद्धा आदमजी पीरभॉय या बोहरी घराण्याच्याच पैशातून उभी राहिली.

पाहण्याजोगं खरं बाजाराबाहेर आहे. शार्लोट तलावाकडे, लुईझा पॉइंटच्या वाटेला लागलं की झाडीत आत आत फाटकं दिसू लागतात. लाल मातीची लांब वाट, तिच्या टोकाला जोत्यावरचा बैठा बंगला, कौलारू उतरतं छप्पर आणि पुढे घराच्या निम्म्याएवढा व्हरांडा. उन्हाळ्यात मुंबईकर कुटुंबं इथे दिवसभर बाहेरच बसत असणार, आतल्या खोल्या नुसत्या निजायला! काही बंगले राखलेले, काहींच्या छपरातून झाड वर आलेलं. मला पडकेच जास्त आवडले, पण तेवढ्यासाठी ते पडू द्यावेत असं नाही.

बंगले खाजगी आहेत. फाटक उघडं दिसलं तरी आत शिरू नका. माळी दिसला तर विचारा. आम्हाला एका माळीकाकांनी व्हरांड्यापर्यंत नेलं, फोटो मात्र नको म्हणाले. घरात शिरून पाहायची हौस असेल तर बंगल्याचं हॉटेल झालंय तिथेच एक रात्र काढा.

घोडा नको, चालाच. घोडेवाले थेट पॉइंटवर नेतात आणि फाटकं मागे पडतात. जुने बूट घाला, लाल धूळ सहजासहजी निघत नाही. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं ओढतात, पिशवी सॅकमध्ये टाका. पावसाळ्यात नेरळहून मिनीट्रेन वरपर्यंत येत नाही, फक्त दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनापासून माथेरानपर्यंत शटल चालते. बंगल्यांसाठी पाऊस संपल्यावरचे दोन महिने उत्तम, शनिवार-रविवार टाळून.