केस ३ च्या आधी केस २

जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या, त्यामुळे बर्फाच्या फॅक्टऱ्याही बंद असतात आणि आमचं काम नेमकं तेव्हाच वाढतं. आम्ही या फॅक्टऱ्यांना एक छोटा डबा देतो, आत लिनक्स, बाहेर साधा मॉनिटर, त्यावर ब्राइनचं (बर्फ गोठवायच्या खाऱ्या पाण्याचं) तापमान आणि कॉम्प्रेसरचं प्रेशर दिसतं. मालवण, देवगड, वेंगुर्ला सगळीकडे नवीन सॉफ्टवेअर १ ऑगस्टच्या आत टाकून व्हायला लागतं, एकदा बोटी सुटल्या की कोणी तुम्हाला पॅनलला हात लावू देत नाही.

डब्यात ग्राफिक्स वगैरे भानगड नाही, सरळ कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, टेक्स्ट कन्सोल, नुसती अक्षरांची स्क्रीन. त्याचा ड्रायव्हर व्हीटी डॉट सी नावाच्या फाइलमध्ये आहे, वर कॉपीराइट १९९१ चा, लिनक्स लिहिणाऱ्या खुद्द लिनस टोरवाल्ड्सचा. १९७८ च्या व्हीटी १०० टर्मिनलचे एस्केप कोड, म्हणजे स्क्रीनला हुकूम देणारी ठरलेली अक्षरं, ही फाइल अजून इमानदारीत पाळते. एस्केप, मग चौकोनी कंस, मग २, मग जे, असं पाठवलं की स्क्रीन पुसली जाते. २ च्या जागी ० असेल तर कर्सरपासून खालचं पुसतं, १ असेल तर सुरुवातीपासून कर्सरपर्यंतचं, आणि ३ असेल तर स्क्रीन पण जाते आणि मागे सरकून गेलेला मजकूर पण.

टीममध्ये कुडाळची एक पोरगी नवीन आहे, हुशार आहे, तिने याच भागाचे क्लीनअप पॅच, म्हणजे वागणूक न बदलता कोड नीटनेटका करणारे बदल, पाठवले होते. ०, १, २, ३ असे नुसते आकडे होते तिथे नावं दिली, स्पेसिंग नीट केलं, आणि जाता जाता स्विचमधल्या केसेस, म्हणजे कुठला आकडा आला तर काय करायचं ते तुकडे, क्रमाने लावल्या. मूळ कोडमध्ये क्रम ०, १, ३, २ असा आहे, बघणाऱ्याला वाटतं कोणीतरी झोपेत लिहिलंय.

ऑफिसात बाकीच्यांचं म्हणणं, क्लीनअपच आहे, घेऊन टाक, रिलीज डोक्यावर आलीय. माझं या बाबतीत मत जरा खडूस आहे. नवीन फीचरचा पॅच असेल तर सगळे डोळे फाडून बघतात, क्लीनअप म्हटलं की कोणी बघतच नाही, म्हणून मी उलट तिथेच जास्त वेळ घालवतो. आणि क्लीनअपला एक सोय असते, वागणूक बदलायची नसते ना, मग पॅचच्या आधी आणि नंतर फाइल कंपाइल करायची आणि दोन्हीचं मशीन कोड शेजारी ठेवून बघायचं. लाइन नंबरमुळे इकडेतिकडे थोडं हलतं, ते सोडून द्यायचं. नावं देणारा पॅच लावला, कोड तसाच्या तसा, लगेच घेतला. क्रम लावणारा लावला तर पुसायच्या फंक्शनमध्ये उड्या वेगळ्याच ठिकाणी जायला लागल्या.

फोन केला तर म्हणते, "दादा, लॉजिकला हातच नाही लावला, आणि क्लिअर कमांड मारून पण बघितलं, स्क्रीन पुसली जाते."

"कुठे मारलंस?"

"एसएसएचवरून, डब्यात लॉगिन करून."

आता एसएसएचवरून, म्हणजे आपल्या लॅपटॉपवरून नेटवर्कने, गेलं की ते एस्केप कोड डब्यातल्या कन्सोल ड्रायव्हरकडे जातच नाहीत, आपल्या लॅपटॉपवरचं टर्मिनल ते वाचतं आणि तेच स्वतःची खिडकी पुसतं. म्हटलं डब्याला कीबोर्ड लाव, कंट्रोल आल्ट एफ ३ दाबून डब्याचाच कन्सोल उघड आणि तिथे मार. तिने मारलं, आणि तिथेही व्यवस्थित पुसलं गेलं! तिचा आवाज एकदम खूश, आणि इकडे मी परत स्विच वाचायला बसलो, बाहेर पाऊस कौलांवर असा आदळत होता की ती पुढे काय म्हणाली ते ऐकूच आलं नाही.

गोम अशी की मूळ कोडमध्ये केस ३ ला स्वतःचं पुसणं नाहीच. ती फक्त स्क्रोलबॅक, म्हणजे तो मागे सरकलेला मजकूर, साफ करते आणि फॉलथ्रू लिहून खालच्या केस २ मध्ये घरंगळते, अख्खी स्क्रीन पुसायचं काम २ करते. म्हणून ३ वर आहे. क्रम लावल्यावर ३ च्या खाली आलं डिफॉल्ट, म्हणजे बाकी कुठल्याही आकड्याची केस, तिथे नुसतं रिटर्न, काही न करता बाहेर. फॉलथ्रू तिथल्या तिथे, त्यामुळे कंपायलर पण गप्प, त्याला वाटतं यांना हेच हवंय. आणि क्लिअर कमांड कन्सोलवर दोन्ही गोष्टी पाठवते, साधं पुसणंही आणि ३ वालंही, त्यामुळे साध्या पुसण्याने स्क्रीन जाते आणि ३ मेलेला आहे हे दिसतच नाही.

"नुसता ३ पाठव, प्रिंटएफ कमांडने," मी म्हटलं. थोडा वेळ शांत. मग, "दादा, काहीच नाही झालं."

हे प्रकरण आम्हाला महागात पडलं असतं, कारण आमचा डिस्प्ले प्रोग्राम कर्सर वरच्या कोपऱ्यात नेतो आणि फक्त ३ वालाच कोड पाठवतो. स्क्रीन पुसली नाही तर नवीन आकडे जुन्यांच्या अंगावर छापले जाणार, म्हणजे उणे १०.५ च्या जागी उणे ९.५ आलं की मागचा एक ५ उरतो आणि दिसतं उणे ९.५५. चुकीचं आहे हे कोणाच्या बापाला कळणार नाही, आकडा खरा वाटतो ना. दोन आकडी प्रेशर एक आकडी झालं तर विचारूच नका.

तिचा मुद्दा होता की प्रोग्रामच बदलूया, ३ च्या जागी २ पाठवूया, तसाही सॉफ्टवेअर स्क्रोलबॅक २०२० मध्ये कर्नल ५.९ ला काढून टाकलाय, मग ३ हवाच कशाला. मुद्दा वाईट नाही, पण मी नाही म्हटलं. लिनक्स ३.० पासून, म्हणजे २०११ पासून, ३ चा अर्थ मॅन्युअलमध्ये लिहिलेला आहे, अख्खी स्क्रीन आणि स्क्रोलबॅक, त्या भरवशावर लिहिलेला प्रोग्राम चुकीचा कसा? आणि असे अजून कोणाचे किती असतील कोणाला माहिती.

संध्याकाळी तिने पॅच परत पाठवला, क्रम जुनाच, वर एक ओळीची कॉमेंट की ३ मुद्दाम २ च्या वर आहे, सोबत चारही आकडे वेगवेगळे पाठवून बघणारी छोटी स्क्रिप्ट. तो घेतला.

तिच्याच मालिकेत अजून एक पॅच आहे, तो अडकवून ठेवलाय. कन्सोलवरचं एक अक्षर दोन बाइट घेतं, एक अक्षराचा, एक रंगाचा, आणि कर्सरची जागा साध्या नंबरमध्ये बाइटने मोजलेली असते म्हणून कोडमध्ये जिथेतिथे वजाबाकी करून निम्मं केलंय. तिला त्या नंबरचा पॉइंटर (दोन-दोन बाइटने मोजणारा मेमरीतला पत्ता) करायचाय, म्हणजे निम्मं करणं कंपायलरच करेल. कल्पना मस्तच आहे, पण एक जुनं निम्मं करणं चुकून राहिलं की अर्धीच स्क्रीन पुसली जाणार, आणि ही जागा फाइलभर वापरलेली आहे. तिला सांगितलंय, गणपतीनंतर बसू.