कस्टमरला सीसीत ठेवलेला मेल

चाकणला ब्रॅकेट मशीनिंगची आमची लाइन आहे, मी तिथे क्वालिटी बघतो. मागच्या महिनाअखेरीला कस्टमरच्या असेंब्लीवरून फोन आला, पिन ब्रॅकेटच्या बोअरमध्ये, म्हणजे भोकात, जातच नाहीये. मग नेहमीचंच, गोडाऊनमधला, गाडीतला, कस्टमरकडचा सगळा माल वेगळा काढा आणि एट-डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय आठ टप्प्यांत लिहायचा अहवाल, चालू करा.

कारण लगेच सापडलं. बोअरचं माप तपासायच्या दांडीला, म्हणजे प्लग गेजला, दोन टोकं असतात, आत जायलाच हवं ते गो आणि जाता कामा नये ते नो-गो. गो टोक प्रत्येक पार्टच्या बोअरमध्ये जातं म्हणून तेच झिजतं, नो-गो सहसा आत जातच नाही त्यामुळे ते वर्षानुवर्षं चांगलं राहतं. गो झिजून बारीक झालं की लहान बोअरमध्येही आरामात जातं आणि ऑपरेटर बिचारा ओके म्हणून पुढे सोडतो. गेजच्या कॅलिब्रेशनच्या, म्हणजे गेज स्वतः बरोबर आहे का या तपासणीच्या, स्टिकरवरची तारीख संपलेली नव्हती, म्हणजे ऑडिटलाही कोणी बोट ठेवलं नसतं.

इन्स्पेक्शनच्या पोराने हे आधीच ओळखलं होतं. मी रांजणगावला सप्लायरकडे होतो तेव्हा त्याने एअर गेजवर, म्हणजे हवेच्या दाबाने माप घेणाऱ्या उपकरणावर, बोअर मोजून प्रॉडक्शन मॅनेजरला सांगितलं, गेज बदला. उत्तर काय, "डिस्पॅच जाऊ दे आधी." या साहेबांना तासाला किती पीस निघाले याच्यापलीकडे काही दिसत नाही, आणि मॅनेजमेंटला असेच लोक आवडतात.

दुपारी पोराने या तक्रारीवरच्या मेलला रिप्लाय ऑल केला, कस्टमर सीसीत. प्रॉडक्शन मॅनेजरच्या हट्टामुळे खराब माल गेला, असं नाव घेऊन. शब्द न शब्द खरा. कस्टमरने त्यातून एकच प्रश्न काढला, म्हणजे माहीत असून पाठवलात? झालं, बाहेरच्या एजन्सीकडून सॉर्टिंग, म्हणजे एकेक पीस तपासून खराब वेगळे काढणं, आमच्या खर्चाने.

कस्टमरपासून काही लपवायचं नव्हतंच, डी-4, म्हणजे एट-डीच्या चौथ्या टप्प्यातलं मूळ कारण त्यांना जातंच. पण ते कारण शोधायला पाच वेळा 'का' विचारताना उत्तरात माणूस आला की तपास तिथेच थांबतो. तिथे लिहायला हवं होतं की गेज तारखेवर तपासतो, वापरावर नाही, आणि शंका आली तर इन्स्पेक्टरला डिस्पॅच थांबवायचा अधिकार नाही. या दुसऱ्या ओळीत साहेब नाव न घेता अडकले असते आणि तो अधिकार पोराला मिळाला असता! एट-डी तो माझ्यापेक्षा चांगला लिहितो, म्हणून तर जीव जळतो.

संध्याकाळी साहेब त्याला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले, त्याने व्हॉट्सॲप ग्रुपवर राजीनामा टाकला आणि गेटबाहेर पडला. मी फोन केला.

"अरे मागे घे, सकाळी मी प्लांट हेडशी बोलतो."

"सर, मी खोटं काय लिहिलं?"

"खोटं काहीच नाही रे."

"मग मागे कशाला घेऊ?"

एचआरने राजीनामा तेवढ्यात मंजूरही केला, पोरगा थंड होईपर्यंत एक रात्र थांबावं एवढंही सुचू नये? त्याची साडेचार वर्षं झाली होती. ग्रॅच्युइटीला कायम नोकरीत कायद्याने पाच लागतात, दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, ते सगळं गेलं.

आता तळेगावच्या एका कंपनीतून त्याच्याबद्दल विचारायला फोन आला. मी म्हटलं, मोजमापात त्याच्यासारखा दुसरा नाही, डोळे झाकून घ्या. मग नोकरी का सोडली, असं त्यांनी ज्या आवाजात विचारलं त्यावरून मेलची गोष्ट तिथवर पोचली होती, या पट्ट्यात सगळे एकमेकांना ओळखतात. मी सगळं सांगितलं, गेजसकट आणि साहेबांसकट. त्यांनी अजून काही कळवलेलं नाही.