मेळाव्यातली बियाण्याची खिडकी आणि सातबाऱ्यावरचं नाव

खरिपाच्या तोंडावर कृषी विद्यापीठाच्या मेळाव्याला बियाणं आणायला जाणार असाल आणि जमीन तुमच्या स्वतःच्या नावावर नसेल, तर हे वाचून मगच निघा. बायकांनी तर नक्की वाचा. मी मे महिन्यात जाऊन आले, पण त्या खिडकीचा राग अजून उतरलेला नाही.

विद्यापीठाचं नाव घेत नाही. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार आहेत, त्यातलं एक. मेळावा चांगलाच भरला होता. अवजारांचे स्टॉल होते, रुंद वरंबे-सऱ्या पाडून पेरणारं बीबीएफ यंत्र चालवून दाखवत होते, मंडपात तुरीच्या मर रोगावर एका शास्त्रज्ञांनी फार सोप्या भाषेत सांगितलं. पण आमच्या गावातून जे कुणी जातं ते बियाण्यासाठीच जातं. मीही सोयाबीनच्या एका बॅगेसाठी पहाटेच्या एसटीने निघाले होते.

एका बॅगेचं एवढं काय, असं वाटेल. सोयाबीन स्वपरागित पीक आहे, म्हणजे फुलात स्वतःच्याच परागाने दाणा धरतो, त्यामुळे शुद्ध बियाणं एकदा हातात आलं की पुढची दोन-तीन वर्षं घरचंच राखून पेरता येतं. एकरी ३० किलो बियाणं लागतं. म्हणजे एका एकरात बीजोत्पादन नीट घेतलं तर पुढच्या वर्षी आपलं सगळं रान पेरून भावकीलाही देता येतं. दरवर्षी दुकानातून बॅगा घ्यायच्या आणि उगवलं नाही की तक्रारीचे कागद घेऊन फिरायचं, हे मला नको होतं.

खिडकीपुढे आठच्या आधीच रांग लागली होती. सोयाबीनच्या वाणांत फुले संगम बरं की एमएयूएस ६१२, की आपलं जुनं जेएस ३३५, यावर लोकांचं बोलणं चाललेलं. बायकांची रांग वेगळी आणि लहान होती, पण खिडकी एकच, त्यामुळे त्या लहान रांगेचा उपयोग काही नव्हता. वर मंडप नाही. कोणत्या वाणाच्या किती बॅगा आहेत याचा फलक नाही. दहा वाजल्यापासून ऊन डोक्यावर आलं. माझ्या पुढच्या आजी मटकन खाली बसल्या, तेव्हा माझ्या बाटलीतलं पाणी त्यांना दिलं. पाणी दोन बाटल्या न्या, तिथला टँकर लांब असतो.

माझा नंबर आला. आधार दिलं, सातबारा दिला. पंधरा रुपये भरून ऑनलाइन काढलेला, डिजिटल सहीचा, ताजा उतारा होता.

"ताई, हा तुमच्या नावावर नाही."

"नवऱ्याच्या नावावर आहे."

"मग त्यांना पाठवा. एका सातबाऱ्याला एक बॅग, आणि ज्याच्या नावावर आहे त्यालाच."

मी सांगितलं, हे चाकणला कंपनीत आहेत, शेत मी करते. पेरणी, फवारणी, काढणी, बाजार समितीची पट्टी, सगळं मीच बघते. त्यांनी माझे कागद परत सरकवले आणि मागच्याला हाक मारली. वाद घालायलाही जागा नव्हती, कारण मागचे लोकही उन्हातच उभे होते. माझ्या मागच्या दोघी काही न बोलता रांगेतून बाहेर पडल्या. त्यांचंही तेच होतं. खुरपणीला आम्ही, निवडायला आम्ही, रात्री पाणी द्यायला आम्ही, आणि बियाण्याच्या खिडकीवर आम्ही कुणीच नाही. हा नियम एका माणसाने पन्नास बॅगा उचलून विकू नयेत म्हणून केलाय, ते मला कळतं. पण त्यासाठी सातबारा नोंदवून घेतला की पुरे आहे. तो घेऊन कोण आलंय याने काय फरक पडतो?

मी बाहेर पडले, पण घरी गेले नाही. मंडपात तुरीवर बोललेले ते शास्त्रज्ञ स्टॉलपाशी उभे होते, त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कोऱ्या कागदावर अर्ज लिहायला लावला. माझ्या आधारवर पत्त्यात यांचं नाव आहे, ते दाखवलं. यांना फोन लावून दिला, यांनी संमती सांगितली. सरांनी अर्जावर सही करून 'बियाणे देण्यात यावे' असं लिहिलं. त्या दोघींना मी एसटी स्टँडच्या वाटेवरून परत बोलावून आणलं, त्यांचेही अर्ज झाले. तिघींना बॅगा मिळाल्या. एवढं पाच मिनिटांचं काम खिडकीवरच का होऊ नये?

म्हणून सांगते, सातबारा दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्यांच्या सहीचं संमतीपत्र आणि त्यांच्या आधारची झेरॉक्स घरूनच न्या. रोख पैसेही ठेवा, गर्दीत नेट चालत नाही.

गोदामावर हमाल बॅग वरून टाकतात, टाकू देऊ नका. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, आदळलं की अंकुराला इजा होते. मी बॅग हातात उतरवून घेतली. एसटीतही टपावर नाही, पायाशी ठेवली.

घरी आल्यावर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासली. सत्तरच्या वर दाणे उगवले तर ठरलेलं ३० किलो पेरायचं, कमी असेल तर बियाणं वाढवायचं. माझी उगवण छान आली. पेरणी मात्र ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्यावरच केली. मृगाच्या पहिल्या सरीला शेजारी सगळे पेरत होते, तरी मी थांबले.

सातबाऱ्यावर नाव लावायचं कामही आता हाती घेतलंय. लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे. नवऱ्याने स्वतःहून अर्ज दिला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. हे दिवाळीला गावी येतील तेव्हा अर्ज द्यायचा ठरलंय. तलाठ्यांकडे कोणते कागद लागतील ते मी विचारून ठेवलं आहे.

आणि एक राहिलंच. बॅग शिवणीच्या बाजूने उसवू नका, खालच्या बाजूने फोडा, म्हणजे वरचा टॅग शाबूत राहतो. प्रमाणित, म्हणजे बीज प्रमाणीकरण यंत्रणेने तपासलेल्या, बियाण्याचा टॅग निळा असतो; सत्यप्रत, म्हणजे उत्पादकाने स्वतः हमी दिलेल्या बियाण्याचा, हिरवा. तो टॅग, पावती आणि मूठभर बियाणं काढणी होईपर्यंत जपून ठेवा. उगवणीची तक्रार करायची वेळ आली तर कृषी कार्यालयात पहिलं हेच मागतात.