रेकॉर्डरला वेळ नका सांगू, कार्यक्रम सांगा

मॅच लांबली आणि तिच्यामागे लागणाऱ्या सिनेमाचं रेकॉर्डिंग शेवटाच्या ऐन आधी कापलं गेलं, हे कधीच झालं नाही असा माणूस विरळाच. आता यात रेकॉर्डरला शिव्या घालून उपयोग नाही, त्याला अमुक चॅनल नऊ ते अकरा एवढंच सांगितलेलं असतं आणि ते तो इमानेइतबारे करतो.

डीव्हीबीमध्ये, म्हणजे डिजिटल टीव्ही प्रसारणाच्या स्टँडर्डमध्ये, कार्यक्रमाला तसा पत्ता असतो. ओरिजिनल नेटवर्क आयडी, ट्रान्सपोर्ट स्ट्रीम आयडी, सर्व्हिस आयडी (म्हणजे चॅनल), तिन्ही १६ बिटांचे नंबर, आणि त्यापुढे हवं तर इव्हेंट आयडी, म्हणजे त्या चॅनलवरच्या एका कार्यक्रमाचा नंबर. पण हे सगळं म्हणजे माणसाला त्याच्या हॉटेलच्या खोली नंबरवरून ओळखणं झालं, तोच सिनेमा उद्या दुसऱ्या चॅनलवर लागला की नंबर बदलला, आणि इव्हेंट आयडी तर काही काळाने दुसऱ्याच कार्यक्रमाला परत वापरला जातो.

म्हणून टीव्ही-एनीटाइम या स्टँडर्ड ठरवणाऱ्या गटाने क्रिड काढलं, म्हणजे कंटेंट रेफरन्स आयडेंटिफायर, कार्यक्रमाची स्वतःची ओळख, २००५ च्या आरएफसी ४०७८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात त्याची माहिती आहे. रचना एकदम साधी, आधी देणाऱ्याचं डोमेन नेम, मग स्लॅश, मग त्याला हवं ते. डोमेन आधीच युनिक असतं त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी नोंदणी कुठे करत बसावं लागत नाही. आणि मुख्य म्हणजे यात चॅनल नाही, वेळ नाही, काहीच नाही!

मग सापडणार कसं? रेकॉर्डरचा बॉक्स विचारतो की हे क्रिड आत्ता कुठे आहे, आणि उत्तरात एकतर खरा पत्ता येतो नाहीतर आणखी क्रिड येतात. मालिकेच्या क्रिडमधून एकेका भागाची क्रिड निघतात आणि सोबत सांगितलेलं असतं की 'सगळे घे', एकाच भागाची तीन प्रसारणं असतील तर 'कुठलंही एक घे'. मला सगळ्यात आवडतं ते 'अजून सांगता येत नाही' हे उत्तर, म्हणजे वेळापत्रक ठरायच्या आधीच तुम्ही कार्यक्रम मागून ठेवू शकता.

ब्रिटनमध्ये फ्रीव्ह्यूच्या, म्हणजे तिथल्या मोफत डिजिटल टीव्हीच्या, रेकॉर्डरवर अख्खी मालिका एका बटणात रेकॉर्डिंगला लागते ती यावरच, क्रिड टीव्हीवरच्या कार्यक्रम-गाइडच्या डेटातूनच येतं, आणि दोन रेकॉर्डिंग एकाच वेळी आली तर बॉक्स त्याच क्रिडचं पुनःप्रसारण शोधू शकतो. अर्थात चॅनलने डेटा नीट भरला तर. जुन्या सीझनलाही नव्याचंच मालिका-क्रिड चिकटवलं की डिस्क जुन्या भागांनी भरते, तिथे स्टँडर्ड काय करणार.

स्ट्रीमिंगमध्ये तर आणखीच मजा, एकच सिनेमा चार ॲपवर असेल तर चार वेगळ्या लिंक. वरून एक क्रिड लावून 'कुठलंही एक घे' म्हणणं तांत्रिकदृष्ट्या काही अवघड नाहीये, पण प्रत्येक ॲपला तुम्ही त्याच्याच सर्च बॉक्समध्ये शोधायला हवे आहात.