नेत्यांले काऊन नाही बोलावत?

हिवाळी अधिवेशन लागलं की हा प्रश्न जास्तच येतो. आम्ही तिघं मित्र नागपुरातून यूट्यूबवर आठवड्याला एक विनोदी बातमीपत्र करतो. बातम्या खऱ्या, गंभीर चेहरा तेवढा खोटा. डिसेंबरात अख्खं सरकार सिव्हिल लाइन्समध्ये मुक्कामाला असतं, तर्री-पोह्याच्या गाड्यांवर आमदारांचे पीए घोळक्यानं उभे असतात आणि ओळखीचं कुणीतरी खांद्यावर हात टाकून विचारतंच, "भाऊ, सारे इथंच येऊन राहिले. तुम्ही एखाद्याले मुलाखतीले काऊन नाही बोलावत? तो अमेरिकेचा कॉमेडियन जॉन स्टुअर्ट बोलावते, आपला कुणाल कामरा बोलावते."

गाडीवर उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही. पण परवा एका प्रेक्षक ताईंनी लिहून पाठवलं, "खरं कारण सांगा, भीती वाटते का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

भीती आहेच थोडी. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या हॅबिटॅटमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. कामराच्या एका विडंबनगीतावरून शिंदेंच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी तोडफोड केली आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेची माणसं हातोडे घेऊन हजर झाली. आमचा स्टुडिओ म्हणजे धरमपेठेतल्या एका मेसच्या मागची खोली. ती पाडायला पाच मिनिटंसुद्धा लागायची नाहीत. पण तिथे नेता समोर बसलेला नव्हता, हेही लक्षात घ्या. नेता समोर बसला की धोका उलट कमी होतो. कारण तेव्हा तो रागावत नाही, हसतो. आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे. अशा मुलाखतीत बहुतेक वेळा पाहुणाच जिंकून जातो.

१९६८ साली रिचर्ड निक्सन अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे होते. माणूस रूक्ष, कडवट, अशीच त्यांची ख्याती. 'लाफ-इन' नावाच्या विनोदी कार्यक्रमात ते काही सेकंदांसाठी आले, त्या कार्यक्रमाचं पेटंट वेडगळ वाक्य जरा बावरल्या सुरात म्हणाले आणि गेले. नोव्हेंबरात निवडून आले. तेवढ्यामुळेच आले असं कुणी म्हणणार नाही, पण स्वतःची थोडी टिंगल करून घेतली की माणूस आपल्यातला वाटू लागतो, हे प्रचार सांभाळणाऱ्यांना तेव्हापासून पक्कं कळलं. २०१४ मध्ये बराक ओबामा एका विनोदी मुलाखतीत दोन कुंड्यांच्या मध्ये बसून पाणउतारा करून घेत होते, ते आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट तरुणांपर्यंत पोचवायला. त्या दिवशी साइटवरची गर्दी आदल्या दिवसापेक्षा चाळीस टक्क्यांनी वाढली. मुलाखत कसली, जाहिरातच ती. चांगल्या कामाची होती, तरी जाहिरातच.

बोरिस जॉन्सनचं उदाहरण मला जास्त टोचतं. बीबीसीवर 'हॅव आय गॉट न्यूज फॉर यू' नावाचा, आठवड्याच्या बातम्यांची खिल्ली उडवणारा कार्यक्रम १९९० पासून चालू आहे. १९९८ मध्ये जॉन्सन तिथे पहिल्यांदा आले, तेव्हा ते अजून पत्रकार होते. कार्यक्रमातले कायमचे गडी इयन हिस्लॉप यांनी त्यांना फोनवरच्या एका जुन्या संभाषणाबद्दल छेडलं. एका मित्राला एका वार्ताहराला मारहाण करवायची होती, त्यासाठी तो जॉन्सनकडे त्या वार्ताहराचा पत्ता मागत होता आणि ते संभाषण टेप झालेलं होतं. आता यापेक्षा गंभीर प्रश्न काय असतो? पण जॉन्सन अडखळले, "फसवलंत मला" असा चेहरा केला आणि लोक हसून लोळले. पुढे त्यांना पुन्हा पुन्हा बोलावलं गेलं, सूत्रसंचालनही दिलं गेलं. २००८ मध्ये ते लंडनचे महापौर झाले, २०१९ मध्ये पंतप्रधान. प्रश्न विचारला गेला नाही असं कुणी म्हणू शकत नाही. तो विचारला गेला आणि हशात वाहून गेला.

त्याच कार्यक्रमात १९९३ मध्ये मजूर पक्षाचे नेते रॉय हॅटर्सली ऐनवेळी आले नाहीत, तर त्यांच्या खुर्चीवर चरबीचा डबा ठेवून अख्खा भाग केला होता. मला विचाराल तर त्या डब्याचा भाग जास्त प्रामाणिक होता.

मराठी टीव्हीवर तर नेता आला की खुर्चीत बसतानाच अर्धं काम झालेलं असतं. थोड्या कोपरखळ्या, मग लहानपण, मग आईची आठवण, मग डोळ्यांत पाणी. आपण घरी बसून म्हणतो, "माणूस चांगला आहे हो." असेलही. पण सिंचनाचं काय झालं ते राहूनच जातं.

मग अशा मुलाखती कधीच जमत नाहीत का? जमतात. अमेरिकेचे कॉमेडियन स्टीफन कोल्बेअर त्यांच्या कार्यक्रमात एकेका मतदारसंघाच्या खासदाराला गाठायचे. २००६ मध्ये जॉर्जियाचे लिन वेस्टमोरलंड त्यांच्यासमोर बसले. संसदेच्या सभागृहांत बायबलमधल्या दहा आज्ञा लावाव्यात, अशा विधेयकाचे ते सहप्रस्तावक. कोल्बेअर यांनी अगदी साधेपणानं विचारलं की त्या दहा आज्ञा कोणत्या. खून करू नका, खोटं बोलू नका, चोरी करू नका... आणि गाडी थांबली. त्या प्रश्नात विनोद शोधून पाहा, सापडणार नाही. प्रश्न त्यांच्याच विधेयकातला होता. पाहुण्याच्या स्वतःच्या कागदातून काढलेला प्रश्न हसून उडवता येत नाही, कारण हसायचं कुणाला, स्वतःला?

त्याच वर्षी, त्याच सदरात फ्लोरिडाचे रॉबर्ट वेक्सलर आले. त्यांच्याविरुद्ध कुणी उभंच नव्हतं. "विरोधक असता तर ज्यानं हराल असं एखादं वाक्य बोलून दाखवा," म्हणत कोल्बेअर यांनी त्यांच्याकडून कोकेन आवडतं असं वदवून घेतलं. धमाल झाली. पण त्यातून वेक्सलर यांच्या कारभाराबद्दल काय कळलं? काही नाही. आमच्याकडे जे नेते यायला तयार असतात, त्यांना हा दुसरा प्रकार हवा असतो.

आणि पहिला प्रकार स्वस्तात होत नाही. स्टुअर्ट यांनी २०२३ मध्ये ओक्लाहोमाचे राज्य सिनेटर नेथन डॅम यांना बंदुकांच्या कायद्यावर धरलं, तेव्हा विनोद जवळजवळ बाजूलाच ठेवला होता. मुलांचं रक्षण करायचं म्हणता, मग अमेरिकेत मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण कोणतं, या प्रश्नावर त्यांनी डॅम यांना आणून सोडलं. उत्तर होतं, बंदुका. तोच स्टुअर्ट २०१० मध्ये जॉन यू यांच्यापुढे फिका पडला होता. यू म्हणजे बुश सरकारसाठी कैद्यांच्या चौकशीची कायदेशीर टिपणं लिहिणारे वकील. वकील तयारीनं आले होते. मुलाखत हातातून निसटली हे स्टुअर्ट यांनी नंतर स्वतःच सांगितलं. मागे संशोधकांची फौज असलेल्या माणसाची ही गत. आमची फौज म्हणजे एक चुलतभाऊ आणि माहिती अधिकाराचे अर्ज.

नागपूरला या बाबतीत स्वतःची एक रीत आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. त्यांच्याबरोबर बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे निघतात. महागाईचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या, एखाद्या पुढाऱ्याचा बडग्या, गळ्यात पाटी, आणि इतवारीच्या गर्दीतून "घेऊन जा गे मारबत"चा गजर. बडग्याला कुणी खुर्ची देत नाही. त्याचं लहानपण कसं गेलं, असं कुणी विचारत नाही. त्याला बाजू मांडायची संधी नसते आणि म्हणूनच त्याला गोडही दिसता येत नाही.

अर्थात नुसत्या टिंगलीनंही नेता घायाळ होतोच असं नाही. २०१९ मध्ये सत्ता गेली तेव्हा आमच्याच गावच्या देवेंद्र फडणवीसांच्या "मी पुन्हा येईन"वर किती मीम झाले! जुलै २०२२ मध्ये विधानसभेत त्यांनी स्वतःच त्या टिंगलीची आठवण काढली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्या वाक्याचा फुकट प्रचार आम्ही विनोदी लोकांनीच केला. आणि नितीन गडकरींना तर आमची गरजच नाही, ते भाषणात आमच्यापेक्षा जास्त हशा मिळवतात.

"मग नगरसेवकापासून सुरुवात करा," असा सल्लाही मिळतो. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकच होते. बोलावणार कुणाला होतो?

गेल्या अधिवेशनात मात्र एका आमदारांच्या पीएचा आपणहून फोन आला. नाव सांगत नाही, पोरगा भला होता. "साहेबांची इमेज जरा हलकीफुलकी करायची आहे, तुमच्या शोमध्ये येऊ शकतात." त्याला प्रश्न आधी हवे होते, आणि भाग टाकण्यापूर्वी एकदा दाखवला तर बरं, असंही तो म्हणाला. मी म्हटलं, "प्रश्न आधी देतो की. सगळे साहेबांच्याच मागच्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यातले आहेत. एकेक मुद्दा वाचू, झालं की नाही एवढंच साहेबांनी सांगायचं. काटछाट नाही. फक्त साहेबांनी जाहीरनामा सोबत आणावा."

पलीकडे जरा वेळ कुजबुज झाली. मग तो म्हणाला, "भाऊ, तो आमच्याकडं सापडून नाही राहिला. तुमच्याकडं असंल तर पीडीएफ टाका ना."

टाकली.