गेटिसबर्ग: साडेतीन मिनिटांचा उतार

मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसमध्ये नऊ वर्षं काढल्यामुळे अमेरिकेच्या यादवी युद्धातलं रणांगण असलेल्या गेटिसबर्गला गेल्यावर बाकीच्यांसारखं लिटल राउंड टॉप टेकडीकडे न धावता आधी ‘फर्स्ट मिनेसोटा’ या पलटणीचं स्मारक गाठलं. उंच चौथऱ्यावर संगीन लावलेली बंदूक घेऊन धावणारा शिपाई. आजूबाजूचे पुतळे निवांत उभे किंवा घोड्यावर. हा एकटाच घाईत.

एप्रिल 1861 मध्ये समटर किल्ला दक्षिणेच्या बंडखोरांच्या हाती पडला आणि युद्ध पेटलं, तेव्हा मिनेसोटाचे राज्यपाल रॅम्सी वॉशिंग्टनमध्येच होते. त्यांनी तिथल्या तिथे उत्तरेच्या बाजूने लढायला हजार माणसं कबूल केली. मिनेसोटाला राज्य होऊन तीन वर्षंही झाली नव्हती! लाकूडतोडे, शेतकरी, कारकून, जे आले ते भरती झाले. पुढे या पलटणीचे कर्नल झालेले कॉलव्हिल रेड विंग गावचे वकील आणि वर्तमानपत्राचे संपादक.

या कॉलव्हिलना गेटिसबर्गच्या वाटेवर चक्क अटक झाली होती. गुन्हा काय? ओढा पाण्यातूनच ओलांडा, असा हुकूम असताना त्यांची काही माणसं ओंडक्यांवरून गेली. ओल्या बुटांनी मैलोन्मैल चाललेल्या कुणालाही त्यांची बाजू पटेल. लढाईच्या तोंडावर त्यांना सोडलं.

2 जुलै 1863 ची संध्याकाळ. उत्तरेच्या जनरल सिकल्सची फळी मोडली, मधे खिंडार पडलं आणि दक्षिणेच्या जनरल विलकॉक्सचे अलाबामावाले त्यातून वर यायला लागले. उत्तरेच्या जनरल हॅनकॉकना कुमक येईपर्यंत पाचेक मिनिटं हवी होती. हाताशी होती ती ही पलटण. तीही पुरती नाही, 262 जण. समोर अख्खी ब्रिगेड. हॅनकॉकनी हल्ल्याचा हुकूम दिला.

स्मारकावर कोरलंय: 215 पडले, 47 रांगेत उरले, बेपत्ता एकही नाही. ते ‘एकही नाही’ मी दोनदा वाचलं. कॉलव्हिलही जबर जखमी झाले, पण वाचले; 1905 पर्यंत जगले. मिनेसोटाच्या राजधानीत, सेंट पॉलच्या विधानभवनात त्यांचा पुतळा आहे. इतकी वर्षं तिथून ये-जा केली, पण हे कोण म्हणून कधी थांबून बघितलं नाही.

पलटण ज्या उतारावरून हल्ल्याला धावली, तो मोबाईलवर वेळ लावून चालत गेलो. खालच्या प्लम रन ओढ्यापर्यंत साडेतीन मिनिटं. नाव मोठं, पण आपल्याकडे याला ओहोळच म्हणतील. जुलैचं ऊन, गुडघाभर गवत, शर्ट पाठीला चिकटलेला. बायको काठावरून ओरडली, “अहो, त्या दगडावरून या, बूट भिजतील!”

आलो दगडावरून.