ललिता यांच्याविषयी वाचताना
आजचा दिवस भारतातील पहिल्या महिला अभियंत्यांपैकी एक, ए. ललिता, यांच्याविषयी वाचण्यात गेला आणि मन भरून आले. १८व्या वर्षी वैधव्य, पदरी ४ महिन्यांची मुलगी, आणि विधवेने चार भिंतींतच राहावे अशी समाजाची अपेक्षा असताना त्यांनी १९४० मध्ये मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीला प्रवेश मिळवला. तेथेच प्राध्यापक असलेल्या वडिलांनी, पप्पू सुब्बाराव यांनी, लेकीसाठी प्राचार्यांकडे शब्द टाकला. मला हे फार मोलाचे वाटते. पुढे कलकत्त्यातील नोकरीत त्यांनी विद्युत पारेषण वाहिन्यांच्या आराखड्यांवर काम केले, त्यांत भाक्रा-नांगल धरणाचेही काम होते. शाळेच्या पुस्तकांत मात्र हे नाव मला कधीच भेटले नाही, याची आज मनापासून खंत वाटली.